सहीच्या वरचा मजकूर

झाकणांच्या कारखान्यात तिला सगळे फौजदारीण म्हणायचे. तिच्या सात पिढ्यांत कुणी पोलिसात गेलं नव्हतं. नाव पडलं ते स्वभावावरून. रंगाच्या डब्यांची पत्र्याची झाकणं दाबून काढणाऱ्या प्रेसवर ती अकरा वर्षं होती, आणि अकरा वर्षांत तिने एकही गोष्ट कुणाच्या नुसत्या सांगण्यावरून खरी मानली नव्हती. लिफ्ट बंद आहे असं कुणी म्हटलं की ती आधी जाऊन बटण दाबून बघायची, मगच जिना चढायची. सुपरवायझर हसून बोलला की बाकीच्या बायकांना बरं वाटायचं. हिला वाटायचं, आता हा काहीतरी मागणार. बहुतेक वेळा तो मागायचाच. त्यामुळे तिची टिंगल करणाऱ्या बायकाही कुठल्या कागदावर सही करायची वेळ आली की तिच्याकडेच यायच्या. "फौजदारीणबाई, बघा हो, यात कुठं पाणी मुरतंय का."

तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. घराच्याच पुढच्या खोलीत, खिडकीशी त्याचं टेबल होतं. एका डोळ्याला भिंग लावून तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या हिला दोन डोळे आहेत ना, त्यातला एक जगावर असतो आणि दुसरा पहिल्यावर."

अशा बाईचा हात प्रेसमध्ये सापडावा, याचं सगळ्यांना नवल वाटलं.

त्या प्रेसला दोन बटणं होती, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा जड ठोकळा खाली यायचा, म्हणजे तो येताना दोन्ही हात बाहेर. मग त्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना, ठोकळा खाली आला तेव्हा तिचा उजवा हात आत कसा होता? कारखान्याने अहवालात लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा.' फौजदारीण म्हणाली, "घाई झाली." दवाखान्यात म्हणाली, घरी म्हणाली, आणि त्यापलीकडे ब्र काढला नाही. चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

त्यानंतरची दोन वर्षं त्या घरात एकही ड्रॉवर कुणी बंद केला नाही. ड्रॉवर बंद होतानाचा तो 'खट्' तिला सोसायचा नाही. रस्त्यावर मोटारीचं दार आपटलं की ती हात छातीशी घेऊन भिंतीला टेकायची. स्वयंपाकघरातले सगळे ड्रॉवर जिभा काढल्यासारखे उघडे, आणि नवऱ्याच्या गुडघ्यावर कायम निळा डाग. तो लंगडत चहा करायचा. मुलगी कॉलेजला जायची; ती जाताना दार हाताने धरून, हळूच ओढून घ्यायची. ही दोघं इतकं सांभाळून वागतात म्हणजे आपल्यामागे आपल्याबद्दल बोलत असणार, असा तिला दाट संशय होता. खरंच बोलायची. दुसरं काय करणार?

तिसऱ्या वर्षी मॅडम आल्या. मॅडमची एक छोटी संस्था होती. कामावर अपघात झालेल्या माणसांना कारखान्या-कारखान्यांत नेऊन त्या त्यांची भाषणं करवायच्या. जळालेला एक वेल्डर होता त्यांच्याकडे, पाय गमावलेला एक क्रेनवाला होता. प्रेसवरची बाई नव्हती.

फौजदारीणने त्यांचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि मुलीला सांगितलं, "यावरच्या नंबरला फोन लाव."

"आई, त्या इथेच बसल्यात."

"लाव तू."

फोन मॅडमच्या पिशवीत वाजला. मॅडम हसल्या नाहीत, पिशवी उघडून त्यांनी तो बंद केला. ते फौजदारीणला जरा आवडलं. पण हो म्हणायला तिने तीन भेटी घेतल्या. तिसऱ्या भेटीत तिने सरळ विचारलं, "तुम्हाला यातून काय मिळतं?"

"माझा भाऊ एक टाकी साफ करायला आत उतरला होता," मॅडम म्हणाल्या. "वर आला नाही. टाकीत उतरण्याआधी काय तपासायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं."

फौजदारीणने चार ठिकाणी चौकशी केली. भाऊ खरा होता, टाकीही खरी होती. मग ती तयार झाली.

पहिलं भाषण साबणाच्या कारखान्यात, कँटीनमध्ये. समोर दीडशे माणसं. पाठ केलेलं पहिलं वाक्य ती विसरली. पुढच्या बाकावरच्या एका तरुणाने तिच्या हाताकडे पाहिलं आणि चटकन नजर दुसरीकडे वळवली. त्याचा तिला असा काही राग आला, की तिने हात वर धरला आणि म्हणाली, "बघ. नीट बघ. मला सवय झालीय, तुला का जड जातंय?" मग ती वीस मिनिटं बोलली. "मला सुपरवायझरकडे बोट दाखवायचं होतं," असंही बोलून गेली, "पण कुठलं दाखवू, ते सांगा." आधी कुणी हसेना, मग मागून एक बाई फस्सकन हसली आणि सगळेच हसले.

त्या संध्याकाळी घरी येऊन तिने चमचे ठेवले आणि ड्रॉवर बंद केला. तिच्या लक्षातही आलं नाही. नवरा पुढच्या खोलीतून उठून दारापर्यंत आला, उभा राहिला आणि परत टेबलाशी जाऊन बसला.

म्हणून ती भाषणं करत राहिली. तीन वर्षं. महिन्याला एक, कधी दोन. बोलल्यावर चार दिवस आवाज सोसायचे, झोप लागायची. पण स्वभावाला औषध नसतं. पाचव्या-सहाव्या भाषणानंतर मॅडमनी तिचं बोलणं नीट टाइप करून आणलं. वर नाव दिलं होतं, 'एका क्षणाचं दुर्लक्ष'.

"दुर्लक्ष कुणाचं?" फौजदारीणने विचारलं.

"तसं नाही हो ताई. ऐकणाऱ्याला आपल्यापासून सुरुवात करावीशी वाटली पाहिजे."

"आणि सुपरवायझरचं काय झालं? बोटाचा विनोद कुठं गेला?"

"तो काढलाय. कंपन्यांना आवडत नाही. त्यांनी दारातच अडवलं तर तुम्ही बोलणार कुणाशी?"

फौजदारीणला हे पटलं नाही. एरवी तिने मॅडमना तासभर सोलून काढलं असतं. या वेळी मात्र ती गप्प बसली, आणि आपण का गप्प बसलो हे तिला पक्कं ठाऊक होतं. 'दुर्लक्ष झालं' म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. हात आत कसा गेला, हे सांगायची वेळ येत नाही.

पण बाकीचं तिला दिसत होतं. ती जाईल त्या कारखान्यात फरशी नुकतीच धुतलेली असायची. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला लावलेल्या जाळ्यांना ताजा पिवळा रंग; एकदा तिच्या बाहीला लागला. तिच्या भाषणाला टाळ्या कोण वाजवतं हेही ती बघायची. कामगार वाजवायचे तोंडदेखल्या. साहेब लोक वाजवायचे मनापासून. ज्याच्या घरचं काही गेलं नाही त्याला एवढा कसला आनंद होतो? आणि प्रत्येक ठिकाणी, ती बोलायच्या आधी, एक पॅड रांगेतून फिरायचं. सह्या व्हायच्या. "हजेरी," एचआरचा कुणीतरी सांगायचा. ऐकण्याआधीच हजेरी कशाला, असं तिच्या मनात यायचं. पण माइक हातात यायचा आणि ते राहून जायचं. दुसऱ्यांचे कागद वाचून देणाऱ्या बाईच्या नाकासमोरून तीन वर्षं एक कागद फिरत राहिला.

एका दुपारी दाराची बेल वाजली. नवरा सुटे भाग आणायला गेला होता. फौजदारीणने साखळी लावूनच दार फटीएवढं उघडलं. बाहेर तिशीतली एक बाई, डाव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी.

"कोण?"

"तुम्ही आमच्याकडे भाषणाला आला होतात. बिजागऱ्यांच्या कारखान्यात."

"मग?"

"माझा हात गेला. दोन बोटं."

फौजदारीणच्या डोक्यात भराभर चक्रं फिरली. ही मदत मागायला आली असेल. नाहीतर कंपनीने पाठवली असेल, मी काय बोलते ते बघायला. पट्ट्या काय, कुणीही बांधतं.

"पट्टी सोड," ती म्हणाली.

"काय?"

"सोडून दाखव."

बाईने पिशवी जमिनीवर ठेवली, पट्टीचं टोक दातात धरलं आणि उजव्या हाताने एकेक वेढा सोडायला लागली. जिन्यावरून वरच्या मजल्यावरचे आजोबा उतरत होते, ते तिथेच थबकले. शेवटचा वेढा चिकटला होता. तो सोडताना बाईने डोळे मिटले. जखमेवर टाक्यांचा काळा दोरा अजून तसाच होता.

फौजदारीणने साखळी काढली. तिने त्या बाईला आत घेतलं, गरम पाणी आणलं, मुलीच्या कपाटातून नवी पट्टी काढली. अंगठा आणि डावा हात एवढ्यावर पट्टी बांधायला तिला बराच वेळ लागला. "माझं चुकलं" असं तिला म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "चहा घेणार का?"

चहा घेताना बिजागरीवालीने सांगितलं. तिच्या मशीनवरची जाळी पंधरा दिवस नव्हती, दुरुस्तीला नेली होती. तिने दोनदा सांगितलं होतं. आता भरपाईचा अर्ज केला, तर कंपनी म्हणते, हिला सगळं शिकवलेलं होतं. "तुमच्या भाषणाची तारीख देतात. म्हणतात, त्या दिवशीची माझी सही आहे."

"ती हजेरीची सही असते."

"ते म्हणतात, हजेरीची नाही."

"तू वाचलं नाहीस?"

"पॅड आलं, पेन आलं. सगळ्यांनी केली, मी केली." तिने कप खाली ठेवला. "तुमच्यासाठी होती ना ती. म्हणून केली."

ती गेल्यावर फौजदारीणने दोन्ही कप विसळले. बाई खोटं बोलत असेल, असं तिने स्वतःला समजावून पाहिलं. जमेना.

पुढचं भाषण चार दिवसांनी होतं, पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात. कँटीनमध्ये माणसं बसली होती. पॅड तिसऱ्या रांगेत पोहोचलं होतं. फौजदारीण व्यासपीठावरून उतरली आणि तिने ते एका माणसाच्या मांडीवरून उचललं. कागदावर नावं आणि सह्या, बस्स. पण पॅडचा लोखंडी चिमटा कागदावर नेहमीपेक्षा जास्तच खाली आला होता. तिने अंगठ्याने चिमटा दाबला आणि कागद खाली ओढला. वर तीन ओळी होत्या, बारीक अक्षरांत.

"अहो बाई, ती हजेरी आहे," एचआरचा साहेब लगबगीने आला. "द्या इकडे. सुरू करा तुम्ही, उशीर होतोय."

"करते," ती म्हणाली, आणि पॅड तसंच घेऊन माइकपाशी गेली. मॅडम बाजूच्या खुर्चीवर होत्या. त्यांनी भुवया उंचावल्या.

"मी आज माझं भाषण करणार नाही," फौजदारीण म्हणाली. "तुम्ही सह्या केल्यात त्याच्या वर काय लिहिलंय, तेवढं वाचते." आणि तिने वाचलं. "'मला यंत्रावर सुरक्षितपणे काम करण्याचं पूर्ण प्रशिक्षण आज मिळालं. ते मला समजलं. यापुढे माझ्या हातून अपघात झाल्यास त्याची जबाबदारी माझी राहील.'"

तिने ते दुसऱ्यांदा वाचायला घेतलं, तोच माइक बंद झाला. आवाजाशिवाय तिने उरलेलं वाचलं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "पॅड इकडे आणा, माझं नाव खोडायचंय!" खुर्च्या सरकल्या. साहेबाने पॅड तिच्या हातातून ओढून घेतलं. ओढायला कष्ट पडले नाहीत. अंगठ्याची पकड ती किती असणार?

परतताना फौजदारीण मॅडमच्या गाडीत बसली.

"मला ठाऊक नव्हतं," मॅडम म्हणाल्या.

"तीन वर्षांत तुम्ही एकदाही तो कागद वाचला नाहीत?"

"हजेरी म्हणतात, मला वाटलं हजेरी."

"आणि माझं भाषण टाइप करताना? सुपरवायझर काढला, मशीन काढलं, राहिलं काय? माझं दुर्लक्ष. ते भाषण आणि हा कागद, दोन्ही एकाच हातचे वाटतात हो मला."

सिग्नलला गाडी थांबली तशी फौजदारीण दार उघडून उतरली आणि बसने घरी आली.

घरी येऊन तिने नवऱ्यापुढे सगळं ओकून टाकलं. ही मॅडम कंपन्यांना आतून मिळालेली आहे, भाऊ-बिऊ सगळं ढोंग, मी आंधळी, माझा वापर केला. नवरा एका मनगटी घड्याळाची पाठ उघडून बसला होता. त्याने भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"त्या बाईने भाषणातून मशीन काढलं, खरं आहे," तो म्हणाला. "पण तू तरी कुठं घातलं होतंस?"

"म्हणजे?"

"लाकडाचा तुकडा. मी तासून दिला होता तो."

सहा वर्षांत या खोलीत त्या तुकड्याचं नाव निघालं नव्हतं. अपघाताच्या वर्षभर आधी तिने त्याच्याकडे तो मागितला होता. प्रेसचं एक बटण कायम दाबून ठेवायला पाचर हवी होती. म्हणजे दुसरं बटण एका हाताने दाबायचं, दुसऱ्या हाताने पत्रा सरकवायचा. झाकणं दुप्पट निघायची. त्याने कशाला हवी म्हणून विचारलंही नव्हतं. झाडूच्या दांड्याचा तुकडा कापला, घड्याळजीच्या सफाईने तासला, कानशीने घासला, वर पॉलिश केलं.

"मला वाटायचं, तू मला दोष देतेस," तो म्हणाला. "रोज वाटायचं. म्हणून विचारलं नाही."

"मला वाटायचं, तुम्ही मला," ती म्हणाली.

त्या दिवशी दोघं तिथून उठलीच नाहीत. एक गिऱ्हाईक येऊन घड्याळ न घेताच परत गेलं.

बिजागरीवालीच्या अर्जाची सुनावणी दोन महिन्यांनी झाली. खोली लहान, पंखा मोठा, कागद उडू नयेत म्हणून चौकशी अधिकाऱ्याने त्यांच्यावर पेपरवेट ठेवले होते. बिजागरीवालीच्या वकिलाने फौजदारीणला साक्षीला बोलावलं होतं. तिने सांगितलं, मी त्या कारखान्यात वीस मिनिटं बोलले. मशीन कसं चालवायचं ते मी शिकवलं नाही, मला शिकवताही येत नाही. त्यांचं मशीन मी पाहिलंसुद्धा नव्हतं.

कंपनीचा वकील उठला. गोड माणूस, आवाजात मध. फौजदारीण तेव्हाच सावध झाली.

"ताई, तुम्ही भाषणात म्हणायचात, की अपघात तुमच्या दुर्लक्षामुळे झाला. खरं ना?"

"म्हणायचे."

"तुमच्या मशीनला तर दोन बटणं होती. मग हात आत गेला कसा?"

तिने खोलीत एकवार नजर फिरवली. मागच्या खुर्चीवर मॅडम बसल्या होत्या. त्या कधी आल्या हे तिला कळलंच नव्हतं. ही इथे कशाला, कुणाच्या बाजूने, हा विचार मनात येऊन गेला. मग ती म्हणाली, "एका बटणात पाचर होती. ती माझी होती. मी घरून करून आणली होती."

वकिलाने हातातलं टाचण खाली ठेवलं. "म्हणजे चूक तुमची."

"पाचर माझी," ती म्हणाली. "आमच्या खात्यात चौदा प्रेस होते साहेब. चौदाही प्रेसवर पाचर होती. कुणाची लाकडाची, कुणाची रबराची, एकीने जुन्या चपलेची टाच घातली होती. आम्ही चौदाजणी एकदम निष्काळजी झालो का? सुपरवायझर दिवसातून दोन फेऱ्या मारायचा. त्याला ठरवून दिलेली झाकणं हवी असायची, आणि ती दोन्ही हात बटणावर ठेवून निघत नव्हती. एकदा माझी पाचर खाली पडली. त्याने ती उचलून माझ्या हातात दिली."

चौकशी अधिकाऱ्याने मान वर केली. "हे शेवटचं वाक्य परत सांगा."

तिने परत सांगितलं. त्याने लिहून घेतलं. एवढं बोलल्यावर तिला वाटत होतं की आपण कोसळू. पण नुसतीच भूक लागली.

मॅडम साक्षीला आल्या नव्हत्या. त्यांनी एक फाइल आणली होती, ती त्यांनी बिजागरीवालीच्या वकिलाच्या हातात दिली. कंपन्यांची पत्रं होती. त्यातल्या दोन कंपन्यांनी भाषण ठरवताना स्पष्ट लिहिलं होतं, 'वक्त्याने यंत्रातील दोष अथवा उत्पादनाचं उद्दिष्ट यांचा उल्लेख टाळावा.' त्यात बिजागऱ्यांच्या कारखान्याचंही पत्र होतं.

बाहेर जिन्यात फौजदारीणने त्यांना गाठलं. "ही पत्रं तुमच्याकडे होती."

"होती."

"मग कागदाचं ठाऊक नव्हतं म्हणता, ते कसं मानू?"

"नका मानू," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "पत्रं मी वाचली होती. वाटलं, थोडं गिळलं तर निदान आत शिरता येतंय. तो कागद खरंच वाचला नव्हता. वाचला असता तर काय केलं असतं, तेही मला सांगता येत नाही."

फौजदारीणने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. खोटं बोलणाऱ्या माणसाच्या बारा तऱ्हा तिला पाठ होत्या, आणि यातली एकही त्यांच्यात सापडत नव्हती. तरी तिचा संशय फिटला नाही, आणि आजही पुरता फिटलेला नाही. दोघी एकमेकींना सणसणीत पत्रं लिहितात, फोनवर भांडतात, आणि फोन ठेवत नाहीत.

निकालाला सात महिने लागले. सही म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असं त्यात लिहिलं होतं. बिजागरीवालीला भरपाई मंजूर झाली. कंपनी वर अपिलात गेली, ते अजून चालू आहे. फौजदारीणचं स्वतःचं प्रकरण केव्हाच बंद झालं होतं, ते उघडलं नाही. झाकणांच्या कारखान्यातल्या बटणांचं काय झालं म्हणून तिने शेजारच्या प्रेसवरच्या जुन्या सोबतिणीला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आता दर ठोक्याला दोन्ही बटणं सोडून परत दाबावी लागतात. पाचर घातली की मशीन बंद पडतं." फौजदारीणला ते खरं वाटलं नाही. ती एक दिवस गेटवर जाऊन उभी राहिली आणि सुटणाऱ्या चार निरनिराळ्या बायकांना विचारून आली. खरं होतं.

कंपन्यांनी तिला बोलावणं बंद केलं. मॅडमची संस्था दोन खोल्यांवरून एका खोलीवर आली. आता बोलावतात ते कामगारांचे हॉल, नर्सिंग शाळा, फिटर शिकवणारी संस्था. ती आधी पाचरीचं सांगते, मग हात वर धरते. प्रत्येक वेळी कुणी ना कुणी उठतंच. एकदा एक फिटर म्हणाला, "म्हणजे मावशी, चूक तुझीच की." तिने त्याला पुढे बोलावून खुर्चीत बसवलं आणि त्याच्या मशीनबद्दल इतके प्रश्न विचारले, की शेवटी तोच म्हणाला, आमच्याकडेही एका मशीनच्या बटणावर, ते दाबलेलं राहावं म्हणून, चिकटपट्टी आहे. जिथे सहीचा कागद फिरतो तिथे ती तो मोठ्याने वाचते. नसला तर, का नाही, असं विचारते.

बिजागरीवालीला मात्र बोलायचं नव्हतं. फौजदारीणने तिला वर्षभर सोबत नेलं, मागच्या खुर्चीवर बसवलं. पहिल्यांदा उभी केली तेव्हा ती माइकपर्यंत गेली, तोंड उघडलं आणि परत येऊन बसली. बसमध्ये फौजदारीण म्हणाली, "ठीक झालं. चालत गेलीस ना तिथवर?"

"माझी चेष्टा करताय."

"नाही गं बाई. मी तर पहिलं वाक्यच विसरले होते."

दुसऱ्यांदा, गेल्या महिन्यात, ती नर्सिंग शाळेत बोलली. साठ मुली समोर. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि खाली बघतच सुरुवात केली. मशीनवरची जाळी काढलेली होती, दोनदा सांगितलं होतं, दोन्ही वेळा उद्या म्हणाले. मग म्हणाली, आठवडाभर जाळी नव्हती. भिंतीशी उभ्या असलेल्या फौजदारीणला ठाऊक होतं, आठवडा नाही, पंधरा दिवस. अर्जाच्या कागदातही पंधराच होते. ती दुरुस्ती तिच्या ओठांवर आली. बिजागरीवालीने तेवढ्यात मान वर केली, समोरच्या मुलींकडे पाहिलं आणि पुढचं सांगायला लागली. फौजदारीणने ओठ मिटून घेतले आणि ऐकत उभी राहिली.